पाण्याला पोर्त

"सामानावरची एक चिठ्ठी जरी हलली, तर बघ!" एवढं बजावून लालमहंमद आठ दिवसांच्या ड्युटीवर मनमाडला गेला.

दौंडच्या लोको शेडमध्ये तो फिटर होता. नवी क्रेन बसवायला फ्रान्सहून एक साहेब यायचा होता. ज्याला जुजबी फ्रेंच येईल तो साहेबाचा मदतनीस, आणि मदतनिसाला नळाचं क्वार्टर! नजमुन्निसा रोज सहा हंडे लांबच्या विहिरीवरून आणत होती. नळ म्हटल्यावर तिनंच नवऱ्याला पुण्याला पिटाळलं. तिथून दोन दिवसांच्या बोलीवर पुस्तक आलं, त्यातले शब्द चिठ्ठ्यांवर उतरले – वर साहेबाची अक्षरं, खाली मराठी उच्चार – आणि खळ लावून घरभर चिकटले. पुस्तक परत गेलं. पाठांतर मनमाडहून आल्यावर.

मध्येच ईद आली. घराला चुना द्यायचा म्हणून नजमुन्निसानं चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि नंतर एकूण एक परत लावल्या. तिला वाचता येत नव्हतं, पण अदमास होता. सगळ्यात छोटी चिठ्ठी रॉकेलच्या चिमणीला, सगळ्यात लांब बाजेला, राहिलेली घागरीला.

परतल्यावर लालमहंमद घागरीपुढं मांडी घालून बसला. "पोर्त, पोर्त, पोर्त." रोज संध्याकाळी पोपटराव आणि बबनरावही येऊ लागले. तेही उमेदवारच, पण चहा पिऊन गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

परीक्षेला पुण्याचा साहेब ते पुस्तक समोर ठेवून बसला.

"पाणी?"

"पोर्त."

"चूक! पोर्त म्हणजे दार."

पोपटराव आला. "पोर्त." बबनराव आला. "पोर्त. म्हंजी थंड असंल तरबी पोर्तच."

साहेबानं पुस्तक उलटंपालटं करून छापल्याचं साल पाहिलं. "फार जुनं दिसतंय. तिघंही म्हणतायत, तर आता पोर्तच म्हणत असतील. तुम्हाला शिकवलं कुणी?"

"लालमहंमदमामांनी!" दोघं एकदम म्हणाले.

नेमणूक लालमहंमदची झाली.

फ्रेंच साहेब आला, आणि पंचाईत सुरू झाली. भर दुपारी त्यानं आपल्या भाषेत पाणी मागितलं, तर लालमहंमदनं चिमणी पेटवून आणली. 'जेवायचं' म्हणाला, तर चौघांनी बाज उचलून आणली. "दार लावा" म्हणाला, की घागर हजर. चौथ्या दिवशी साहेब वैतागून वरिष्ठांना पत्र लिहायला बसला.

"आता नळ जातोय," लालमहंमद घरी येऊन म्हणाला.

"आधी जेवू घाला त्यांना. पोटभर जेवलेला माणूस वाईट लिहीत न्हाई," नजमुन्निसा म्हणाली.

साहेब जेवायला आला. हात धुता धुता त्यानं घागरीवरची चिठ्ठी वाचली. मग चिमणीवरची. मग बाजेवरची. तो उठून भिंतीभिंतीनं वाचत निघाला.

नजमुन्निसाच्या हातातली भाकरी थांबली. "अवो," ती पुटपुटली, "ईदच्या चुन्याला म्या त्या काढल्या हुत्या. परत लावल्या, पर… अंदाजानं."

लालमहंमदनं घागरीकडं पाहिलं, नळाचा आवाज मनातच बंद केला आणि खाली बसला.

साहेब मात्र हसतहसत डोळे पुसत होता. मग त्यानं खिशातून वही काढली, पेन्सिल ओली केली आणि घागरीपुढं मांडी घालून बसला. एकेका वस्तूचं चित्र काढून त्याखाली शेजारची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घेतली. शेवटी पेला पुढं करून मान लववली.

"पोर्त?"

नजमुन्निसानं काठोकाठ भरून दिलं.

सहा महिन्यांत शेडचं एकही काम अडलं नाही. नळाच्या क्वार्टरात चिठ्ठ्या पुन्हा चिकटल्या. या खेपेला साहेबानं स्वतः उभं राहून लावून घेतल्या, नजमुन्निसानं लावल्या होत्या तश्शाच.