बी.टेक.ला निवड झालेले गुलाबराव

"कॉलेज निवडणं म्हणजे का वाघ मारणं हाये? एक चक्कर मारतो, आपल्या डोयानं पाहतो, आन् संध्याकाळच्या चहापर्यंत निकाल लावून टाकतो!"

ही घोषणा गुलाबराव गजभिये यांनी आधी ऑफिसात केली, मग पानठेल्यावर केली आणि शेवटी घरी केली. म्हणजे धोका वाढत जाईल अशाच क्रमानं!

गुलाबराव मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर होते. 'आमच्या गल्लीत नळ का येत नाही' या एकाच प्रश्नाला उत्तर देत त्यांचे केस पांढरे झाले होते. आणि आता घरात नवा प्रश्न आला होता. मुलगी प्रियंका बारावी पास झाली होती. भोपाळच्या सरकारी विद्यापीठात तिला वनस्पतिशास्त्राला जागा मिळाली होती, फक्त जाऊन प्रवेश पक्का करायचा बाकी होता. फी आपल्या ऐपतीतली. पण नागपूरच्या अलीकडे 'व्योमशिखर इन्स्टिट्यूट' नावाचं काचेचं खाजगी कॉलेज उभं राहिलं होतं. त्याची फी ऐकायची तर माणसानं आधी खुर्ची शोधावी!

सल्ल्यांनी तर गुलाबराव पार दमून गेले होते. भाजीवाला खाजगीच्या बाजूचा, दूधवाला सरकारीच्या. सलूनवाल्यानं तर अर्धी दाढी ठेवून व्याख्यान दिलं. बायको चंद्रकला म्हणत होती, "पोरीले जे पाह्यजे ते करू द्या ना." पण एवढा सोपा उपाय कोणत्याही नवऱ्याला कधी पटला आहे का?

तर बापलेक व्योमशिखरला पोचले. दार आपोआप उघडलं. गुलाबराव दचकून "थँक यू" म्हणाले, दाराला! आत असा गारवा, की त्यांना मानेभोवती रुमाल बांधावा लागला. प्रियंका दालनातल्या मोठमोठ्या कुंड्यांकडे गेली आणि पानं चोळून पाहू लागली. गुलाबराव एकटेच काउंटरवर गेले. तिथे नेहा मॅडम नावाची हसतमुख मुलगी बसली होती.

"नाव सर?"

"गुलाब गजभिये."

"शिक्षण?"

"बारावी सायन्स." अभिमानानं.

"इंटरेस्ट कशात आहे सर?"

आता इंटरेस्ट कशात असतो हे गुलाबरावांना उभ्या आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. त्यांना भरून आलं. सगळे म्हणतात तेच त्यांच्या तोंडून निघालं, "कम्प्युटर!"

"ग्रेट सर!" नेहा मॅडमनी टाळ्या वाजवल्या, हातात गुच्छ दिला, फोटो काढला, वर गरम समोसा आणि कॉफी. गुलाबरावांना वाटलं, काय पाहुणचार! सोयरिकीतही एवढा होत नाही!

तेवढ्यात प्रियंका आली. "बाबा, इथली सारी झाडं प्लास्टिकची हायेत."

"मंग बरं ना! पाणी टाकाचं काम नाही!" पाणीपुरवठ्याचा माणूस बोलला.

परतताना बसमध्ये ते सारखे लायब्ररी, कँटीन आणि हिरव्या लॉनबद्दल बोलत होते. प्रियंका खिडकीबाहेर पाहत होती. निकाल लागला, असं गुलाबरावांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

चार दिवसांनी सौंसरहून चंद्रकलाच्या बहिणीचा, अर्चनाचा फोन आला.

"ताई, भाऊजीनं नौकरी सोडली का वो?"

"कायले सोडतीन? आता तं डबा घेऊन गेले."

"मंग इथं बसस्टँडवर त्यायचा फोटो कायले लागला? एवढा मोठा! गुच्छ धरून हासून राह्यले! लिवलं हाये, 'बी.टेक. कम्प्युटरसाठी निवड, श्री. गुलाब गजभिये यांचे हार्दिक अभिनंदन!' बाकी सारे मिसरूड फुटलेले पोट्टे, आन् मधात आपले भाऊजी!"

संध्याकाळी गुलाबराव घरी आले तेव्हा चंद्रकला दारातच उभी होती.

"या! कॉलेजातून आले का?"

"ऑफिसातून आलो ना."

"घरात पोरगी शिक्षणाची हाये, आन् तुमाले या वयात बी.टेक. सुचून राह्यलं? तरी म्हणलं, हा माणूस परवापासून आरशात कायले पाहून राह्यला!"

मोबाइलवर अर्चनानं पाठवलेला फोटो पाहून गुलाबराव मटकन खाली बसले. पाहता पाहता एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात येऊन गेलीच, फोटो चांगला आला आहे!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तर वरातच! शेजारच्या टेबलावरचा श्रीकांत पेढे घेऊन आला. "गुलाबभाऊ, रॅगिंगले भेऊ नका. कोणी काही म्हणलं तं त्याच्या घरचा नळ बंद करू!" मग साहेबांनी बोलावलं. साहेब एकदम गंभीर. "गजभिये, नोकरीत राहून शिकायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. पण तुमचा उत्साह पाहून मला आनंद झाला. सोमवारी तुमचा सत्कार ठेवू."

"साहेब, तो घोटाळा हाये."

"नम्रता!" साहेब सगळ्यांना म्हणाले. "पाहा, याला म्हणतात नम्रता!"

गुलाबरावांनी नेहा मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी नाही हो, माझी पोरगी!"

"अरे वा सर! वडील आणि मुलगी एकाच बॅचमध्ये! आपण हायवेवर मोठा फ्लेक्स लावू!"

"पण मले शिकाचंच नाही!"

"सर, असं निराश नका होऊ. तुमचं पाहून रामाकोन्याच्या एका आजोबांनी चौकशी केली आहे!"

यापुढे बोलणं व्यर्थ होतं. रविवारी गुलाबराव प्रियंकाला घेऊन स्वतःच सौंसरला गेले, फ्लेक्स उतरवायला. पण बसस्टँडवर उभे राहिले तसे उभेच राहिले. येणारेजाणारे कधी फ्लेक्सकडे पाहत, कधी त्यांच्याकडे. बोरगावच्या एका शेतकऱ्यानं पिशवीतलं संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "शिका गुरुजी, शिका!" गुलाबरावांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

"बाबा," प्रियंका हळूच म्हणाली, "उतरवाचा हाये ना?"

"हो ना. उतरवतो." पण पाय हलेनात.

"बाबा, ते कॉलेज तुमाले आवडलं. मले नाही आवडलं."

बाकावर बसून गुलाबरावांनी संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं आणि म्हणाले, "मी नागपूरले बी.एस्सी.ले नाव टाकलं होतं. दिवाळीपर्यंतच गेलो. मंग तुये आजोबा वारले, आन् त्यायच्या जागेवर मले नौकरीले लागा लागलं. कँटीन कशी रायते ते पाहाचंच राहून गेलं."

प्रियंकाला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं संत्र्याच्या बिया मुठीत धरून ठेवल्या.

"मले खऱ्या झाडायचं शिकाचं हाये, बाबा. भोपाळले प्रवेश पक्का कराची उद्या शेवटची तारीख हाये. मी तुमाले कवापासून सांगाले पाहून राह्यली, पण तुमी लॉनबद्दलच बोलता."

"उद्या?" गुलाबराव ताडकन उठले. "आन् उद्या माया सत्कार हाये!"

सत्कार सत्कारमूर्तीशिवायच झाला. साहेबांनी गुलाबरावांच्या जिद्दीवर मोठं भाषण केलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले, असं श्रीकांतनं नंतर सांगितलं. त्या वेळी गुलाबराव भोपाळला एका रांगेत घामाघूम उभे होते. तिथे ना गारवा होता, ना गुच्छ, ना समोसा. खिडकीतल्या बाबूनं वर न पाहताच शिक्का मारला आणि म्हणाला, "हो गया. अगला!" प्रियंकानं बापाचा हात इतका घट्ट दाबला, की अंगठी रुतली.

तिला वसतिगृहात सोडायला गुलाबराव पुन्हा गेले तेव्हा गादी, बादली, चिवड्याचा डबा असं सगळं डोक्या-खांद्यावर होतं. प्रियंका आत शिरली आणि पाच मिनिटांत दोन मुलींशी अशी बोलू लागली, जणू बालवाडीपासूनच्या मैत्रिणी! परत दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, तुमी निघा ना आता. गाडी चुकन." आणि पळालीसुद्धा. मागे वळून पाहील म्हणून गुलाबराव बराच वेळ तिथेच उभे होते. तिनं काही पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा चंद्रकलानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पोरगी रडली का वो?"

"नाही."

"आन् तुमी?"

गुलाबरावांनी तांब्या अर्धा रिकामा केला, तोंड पुसलं, जरा वेळ तसंच पुसत राहिले.

"गाडीत लय गर्दी होती," ते म्हणाले. "रडाले जागाच नाही भेटली."