मैराळ कवीच्या नाटकातील उलट्या शब्दांचा उगम

श्रीवाग्देवी प्रसन्न. जी जीभ घसरते तीच सावरते, तिला आधी दंडवत घालोन लिहितो. शके सोळाशे कितीएक, संवत्सर विलंबी, फाल्गुन वद्य पंचमी, रंगाचा दिवस. ते दिवशी एका राज्यात मैराळ कवीचे नाटक जाहले. राज्याचे नाव पुसो नये, पोथीचे ते पान वाळवीने खाल्ले. नाटकात एक पाटलीण होती, तिला थोरामोठ्यांपुढे थोर शब्द बोलायची भारी हौस, आणि तोंड उघडले की गफलत. राजास म्हणे, "महाराजांचा पराभव दाही दिशांस पसरो!" म्हणावयाचा होता प्रभाव. मग म्हणे, "आम्ही विवस्त्र होऊन मुजरा करितो," आणि हात जोडोन कशी अगदी विनम्र उभी! सभेची हसता हसता पुरेवाट जाहली, सरनोबत पोट धरोन लोडावरोन खाली आले, आणि महाराज स्वतः डोळे पुशीत "वाहवा, वाहवा!" करीत राहिले. आम्ही लढाया पुष्कळ लिहिल्या, ऐसे हसणे कोठे लिहिले नाही.

त्या राज्याची चाल ऐसी, की कवीने सभा हसविली तर शब्द कोणापासोन आणिले ते भरसभेत सांगावे, आणि त्या माणसास महाराजांनी आपल्या हाते विडा द्यावा. उगम लपविला तर कवीची लेखणी बारा वर्षे दप्तरात जमा. मग दिवाण वेंकाजीपंत उठोन पुसते जाहले, "कविराज, ही पाटलीण कोण?" जो तो मनात म्हणे, देवा, माझे नाव न येवो. सरनोबत तर लोडाआडच राहिले, कारण त्यांचे बोलणेही काही गंगाजळ नव्हते.

मैराळाचा चेहरा उतरला. पाटलीण म्हणजे त्याची आई धोंडाई, जिने दोर वळोन वळोन एकटीने त्यास वाढविले, आणि ती माऊली बायकांच्या पडद्याआड बसोन सर्वांहून मोठ्याने हसत होती. नाव घ्यावे तर आईचे भरसभेत हसे, न घ्यावे तर लेखणी गेली. मग त्याने कमरेची लेखणी काढोन दिवाणापुढे ठेविली आणि म्हणाला, "उगम सांगणार नाही. ही न्यावी." शाबास रे वाघा! लिहिताना आमचेच डोळे भरोन आले.

तोच पडदा सरला आणि धोंडाई पदर खोचोन पुढे आली, "अरे मुडद्या! शब्द माझे, आणि माझा विडा तू बुडवतोस होय? मला हसता येते, तर ओळखता येत नाही काय?"

मैराळ म्हणे, "आई, तुझे हसे होईल गं."

"होऊ दे की! महाराज, हा दरबारी लागला तेव्हा मला धास्ती पडली, ह्याची आई अडाणी म्हणोन कोणी ह्यास हिणवील. म्हणोन हा आत घोकत असे, तेव्हा मी दाराबाहेर दोर वळता वळता थोर शब्द वेचले. फळीआडोन जेवढे ऐकू आले तेवढे आले, बाकीचे माझ्या पदरचे!"

मग कोणी हसेना. महाराज गादीवरोन उतरले आणि तिच्या हाती विडा देऊन लवले. धोंडाई गहिवरोन म्हणाली, "महाराज, आम्ही आपले फार फार कृतघ्न आहो!" दिवाणांनी मिशी चावली, आणि महाराज गंभीरपणे बोलिले, "आम्हीही, आऊ." धन्य तो राजा! मग धोंडाईने विडा मोडोन अर्धा लेकाच्या तोंडात कोंबला, आणि भुईवरली लेखणी उचलोन त्याच्या कमरेस खोविली, आणि म्हणाली, "लिही मुकाट्याने. अजून पुष्कळ उरले आहेत माझ्याकडे."

येणेप्रमाणे उलट्या शब्दांचा उगम भरसभेत ठरला, तो एका दाराबाहेर सापडला. पुढे मैराळाने सात नाटके लिहिली आणि सातही विडे एकाच घरी गेले. आमची दौत येथे सुकली.