सहा तासांचं म्हातारपण

म्हातारपण अनुभवल्याशिवाय कळत नाही, आणि अनुभवल्यावर कोणी विचारत नाही. म्हणून मधल्यामध्ये सहा तासांची सोय करण्यात आली आहे.

बुऱ्हाणपूर नवा जिल्हा झाला आणि तिथल्या वृद्धसेवा केंद्रात सेवकाची पक्की जागा निघाली. ती आपल्यासाठीच निघाली, हे लीलाधरने लगेच ओळखलं. (आधीच्या तीन जागाही त्याने अशाच ओळखल्या होत्या.) अट एकच : उमेदवाराने सहा तास म्हातारं होऊन घरी राहावं आणि अहवाल द्यावा.

त्यासाठीचा पोशाख वरून यायचा होता. तो न आल्यामुळे वृद्धत्व स्थानिक साधनांतून उभारण्यात आलं. कानात तुकईथडचा कापूस, चपलेत तापीचे खडे, गुडघ्यांना बांबूच्या कामट्या, चष्म्यावर तेलकट कागद. एकूण वय अठ्ठ्याहत्तर ठरलं. (ठरवणाऱ्या प्रशिक्षकांचं सव्वीस.)

लीलाधर धडपडत राजपुऱ्यात घरी पोहोचला. दारात त्याची आई सरुबाई, वय शहात्तर, कोणत्याही साधनाशिवाय.

"काय झालं रे बेटा?"

"काय?"

तिने चार वेळा विचारलं, चारही वेळा तितक्याच मायेने. मग हाताला धरून बसवलं, चहा हातात दिला, पाय चेपले. आपण हिच्या दुसऱ्याच 'काय?'ला 'काही नाही' म्हणतो, हे लीलाधरला आठवलं आणि त्याला मनापासून लाज वाटली. अहवालात लाजेचा रकाना नव्हता.

सहा तास भरले. त्याने कापूस काढला, कामट्या सोडल्या, टुणकन उभा राहिला. सरुबाई बघत होती. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मले बी सांग ना, हे सोडतात कसं?"

"उद्या सांगतो आई. अहवाल द्यायचाय."

अहवाल असा : सहा तासांत 'काय?' एकतीस वेळा विचारलं, उत्तरं एकतीस मिळाली. चहा हातात येतो. पाय आपोआप चेपले जातात. निष्कर्ष, वृद्धावस्था सुखाची असते.

सकारात्मक दृष्टिकोनाबद्दल लीलाधर पहिला आला. आता तो सकाळी आठ ते रात्री आठ परक्या आईबापांचे पाय अगदी मन लावून चेपतो. सरुबाईचा 'उद्या' अजून उजाडलेला नाही.

वाचकांनी त्याला खुशाल नावं ठेवावीत. मात्र आधी घरी तेवढा फोन करून घ्यावा. करतो, करतो म्हणता पंधरा दिवस झाले आहेत.