ताईची मुलाखत आणि काळाठिक्कर पडदा

"लॅपटॉप म्हणजे माझ्या हातचा मळ!" भिंगरीने छाती फुगवून सांगितलं.

"नुसता चालू करून ठेव. जास्त शहाणपणा केलास तर याद राख!" असं बजावून ताई केस विंचरायला गेली.

अर्ध्या तासात ताईची मुलाखत होती. भिंगरीच्याच शाळेत बालवाडीच्या बाईंची जागा निघाली होती आणि मुख्याध्यापिका परगावी असल्याने सगळं लॅपटॉपवरच होणार होतं. आधीचे नकार पचवून ताईचं तोंड एवढंसं झालं होतं. ही नोकरी मिळायलाच हवी होती!

भिंगरीने बटण दाबलं. पंखा घुरघुरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाठिक्कर!

बंद केला, पुन्हा चालू केला. काळा! उजेड वाढवायची कळ दाबली. काळाच! मेला! माझ्या हातून मेला!

मग आठवलं, पडद्यावर बॅटरी मारली की आतलं अंधुक दिसतं म्हणे. तिने खिडकी झाकली, मोबाईलची बॅटरी हनुवटीखाली धरली, नाक पडद्याला टेकवलं आणि अंदाजपंचे कळा बडवायला सुरुवात केली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आत्याची किंकाळी!

"अगं बाई! टीव्हीत भूत! नाकपुड्या बघा केवढाल्या, बोगदेच!"

भिंगरी धावली. आत्याची मालिका गायब होती. टीव्हीवर दिसत होती भिंगरीची रिकामी खुर्ची, आणि शेजारच्या चौकटीत साक्षात मुख्याध्यापिका!

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल सहलीचे फोटो दाखवताना तिनेच लॅपटॉपला 'चित्र फक्त टीव्हीवर' असं सांगून ठेवलं होतं. लॅपटॉप ठणठणीत होता! आणि तिच्या बडवाबडवीने मुख्याध्यापिकांना व्हिडिओ कॉल लागून मुलाखत आधीच सुरूसुद्धा झाली होती!

"या बाई माझ्याकडे अशा का बघतायत?" बाबांनी घाईघाईने बनियनवर टॉवेल ओढला.

उत्तर द्यायच्या आत टीव्हीतल्या खुर्चीसमोर ताई उगवली. अर्धी वेणी, अर्धं झिंज्यांचं जंगल, हातात तलवारीसारखा कंगवा!

"भिंगरे!" ताई आतून गरजली. "मारलास ना माझा लॅपटॉप? ये समोर, तंगडं मोडून हातात देते! कानाखाली असा जाळ काढीन की जन्मभर गुपचूप अभ्यास करशील!"

"ताई, गप्प बस गं! त्या ऐकतायत!" भिंगरी टीव्हीलाच हात जोडून किंचाळली.

ताई तरातरा बाहेर आली, टीव्ही बघितला आणि तिच्या हातातला कंगवा गळून पडला.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, बालवाडीला तुम्ही चालणार नाही."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भिंगरीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"पण आमच्या नववी 'ब'पुढे एकही बाई टिकत नाहीये हो! सोमवारपासून याल?"

"येते! येते!" ताई टीव्हीला सांगू लागली. मग तो बहिरा आहे हे लक्षात येऊन आतल्या खोलीकडे धूम पळाली.

आत्याने टाळ्या पिटल्या. बाबांनी टॉवेल फडकवला. भिंगरी तेवढी मटकन खाली बसली.

नववी 'ब'मध्ये खिडकीजवळच्या बाकावर कोण बसतं, ते तिला चांगलंच ठाऊक होतं!