भरमाण्णांच्या ओट्सच्या कण्या

आमचे शेजारी भरमाण्णा तुम्हाला काही खायला देतात तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. सकाळी पावणेसातला दाराची कडी वाजते. बाहेर भरमाण्णा उभे, हातात स्टीलचा डबा, डब्यात ओट्सचं काहीतरी. "एक घास घ्या," म्हणतात. घास तोंडात गेला की दोन पावलं पुढे येतात, मान जरा वाकडी करतात आणि तुमच्या कंठमण्यावर नजर लावून उभे राहतात. तो वर जाऊन खाली आला की एकच प्रश्न येतो.

"घशाला चिकटलं?"

चव कशी झाली, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. चिकटलं म्हटलं की डबा बंद करून निघून जातात. नाही म्हटलं तर आणखी एक घास देतात, कारण पहिल्या उत्तरावर त्यांचा विश्वास नसतो. मी माणूस तसा सोशिक नाही. दाढी अर्धी राहिलेली असताना कुणी माझ्या नरड्याकडे टक लावून बघावं, हे मला बिलकूल आवडत नाही. पण भरमाण्णांना नाही म्हणणं बेळगावात अजून कुणाला जमलेलं नाही.

भरमाण्णा पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे ज्याच्या हातातल्या लोखंडी चावीवर ठरतं, तो माणूस. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे त्या काळी त्यांना कलेक्टरापेक्षा जास्त नमस्कार मिळत असणार. निवृत्त झाले, पण जगाकडे बघायची रीत बदलली नाही. त्यांच्या लेखी सगळा नळीचा प्रश्न असतो. कुणाला धाप लागली, नळीचा प्रश्न. कुणाचं पोट साफ होत नाही, तोही नळीचाच. बायको पाच वर्षांपूर्वी गेली, मुलगी हुबळीला दिलेली. घरात ते एकटे, आणि फळीवर ओट्सचे अकरा डबे.

मी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त काढतो आणि तपासतो. त्यामुळे त्यांचं व्याख्यान माझ्याच वाट्याला जास्त येतं.

"ह्ये बघा सुनीलराव," ते पायरीवर बसून सांगतात, "रक्ताची नळी म्हंजे पाइपच. खराब चरबी आतनं थर धरती. आता ह्या ओट्सात एक तंतू असतोय, बीटाग्लुकन. त्यो पोटात जाऊन पाण्यात फुगतोय, बुळबुळीत व्हतोय. आन् जाताना चरबीचा माल धरून भाईर घिऊन जातोय. साखर पण एकदम चढू देत न्हाय. पोट लई येळ भरल्यागत ऱ्हातंय. काय चुकलं का?"

चुकलेलं काही नसतं. थोडं ढोबळ असतं, पण आमच्या लॅबमधल्या भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. बीटाग्लुकनचं नाव ते एखाद्या कडक इंजिनियरचं नाव घ्यावं तसं घेतात, जरा आवाज खाली आणून. गोड चवीच्या पाकिटांचा त्यांना भयंकर राग आहे. "त्यात साखर घालून ठेवल्यात. चोराला चावी दिल्यागत झालं की." आणि ओट्स सुरू केले म्हणून कुणी गोळ्या बंद केल्याचं कळलं, तर ते त्याच्या घरी जाऊन भांडून येतात.

सुरुवातीला त्यांनी एक घोटाळा केला होता. पाकिटातलं सगळं चपटं करून मेलेलं असतं, अस्सल माल पाहिजे, म्हणून ते घोड्यांच्या खाद्याच्या दुकानातून सालासकट ओट्स घेऊन आले. ते शिजवून सगळ्या गल्लीला वाटले. दिवसभर गल्ली खोकत होती. समोरच्या कन्नड मास्तरांनी दाराला आतून कडी घातली आणि "बेडा री, बेडा" म्हणत खिडकीतूनच हात जोडले. भरमाण्णांनी वहीत लिहिलं: साल न्हाय पाहिजे.

त्यानंतर ओट्सचं उपीट झालं, थालीपीठ झालं, आंबील झाली. एका रविवारी तर पांढऱ्या रश्शात ओट्स आले. त्या दिवशी माझी आई निपाणीहून आली होती. तिने तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काम केलंय, ती कुणाला भीत नाही.

"आमच्या भाकरीला काय धाड भरलीया व्हय रं?" तिने विचारलं.

"भाकरी सोन्यासारखी हाय आक्का," भरमाण्णा म्हणाले. "पर भाकरी चावाय दात लागत्यात."

आईचे सगळे दात शाबूत आहेत. तिला ते बोलणं झोंबलं आणि तिने त्यांना आणखी चार शब्द सुनावले. मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी लॅबमध्ये कंग्राळीचे एक म्हातारे रक्त द्यायला आले. उंच, हाडापेराने मजबूत, तोंडात एकही दात नाही. फॉर्मवर वडिलांचं नाव आणि आडनाव वाचलं आणि मी त्यांच्या कानांकडे बघितलं. भरमाण्णांसारखेच मोठे, बाहेर आलेले कान. हे भरमाण्णांचे थोरले भाऊ, कल्लाप्पा. भरमाण्णांना भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. सुई टोचलेली त्यांना कळली नाही, त्यावर ते खूश झाले. "हात हलका हाय तुमचा. लक्ष्मीच्या जत्रंला जेवाय या आमच्याकडं. हे तोंडदेखलं न्हवं. याचंच."

रिपोर्ट संध्याकाळी आला. मी तो दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा मला तो खरा वाटेना.

घरी पोचलो तर भरमाण्णा माझ्या पायरीवर. हातात डबा नाही.

"आमचा थोरला आप्पा आलता न्हवं लॅबला?"

"आले होते."

"चरबी किती निघाली?"

"अण्णा, दुसऱ्याचा रिपोर्ट मला सांगता येत नाही."

"मी दुसरा न्हाय. पाठचा भाऊ हाय."

"तरी नाही सांगता येत."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कळलं मला."

मग जे वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं. कंग्राळीला दोघा भावांच्यात एक विहीर. पाइप भरमाण्णांनीच टाकलेला, वॉलही त्यांनीच बसवलेला. एक दिवस एकाचं पाणी, एक दिवस दुसऱ्याचं. एका कडक उन्हाळ्यात थोरल्याने यांच्या पाळीच्या दिवशी पाणी वळवलं. भरमाण्णांनी वॉल बंद केला, कुलूप घातलं, चावी खिशात टाकून बेळगावला आले आणि चार दिवस गेलेच नाहीत. थोरल्याची नुकतीच लावलेली मिरची उभ्या उभ्या वाळली. पाचव्या दिवशी हे गेले आणि कुलूप काढलं. थोरला बांधावर बसून होता. म्हणाला, "ह्याच्यापुढं तुझ्या हातचं पाणीबी नको मला." त्याला अकरा वर्षं झाली.

"खात्यात सगळी माझं नाव काढायची. पाळी म्हंजे पाळी, भरमाण्णा कुणाचं ऐकत न्हाय," ते म्हणाले. "ते डोस्क्यात गेलतं माझ्या."

दोन वर्षांमागे थोरल्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. भरमाण्णा तीन दिवस दवाखान्यात लिफ्टजवळ उभे होते, आत गेले नाहीत. पुढे दात काढावे लागले, कवळी त्यांना सोसत नाही, भाकरी सुटली. डॉक्टरांनी ओट्स खायला सांगितले. वहिनीने पाकिटातले दुधात शिजवून दिले, तर थोरल्याने ताट सरकवलं. लहान पोराचं खाणं, घशाला चिकटतंय, म्हणाले. तेव्हापासून मऊ भात, त्यावर तूप, आणि मटणाचा रस्सा. हे सगळं वहिनी भरमाण्णांना चोरून फोनवर सांगायच्या. आमची सगळी गल्ली दीड वर्ष कुणासाठी घास गिळत होती, ते मला त्या संध्याकाळी समजलं.

जत्रा जवळ आली. आमच्या भागात लक्ष्मीची जत्रा एकेका गावाला कितीतरी वर्षांनी येते. घरटी मांडव पडतात, शेकड्यांनी माणसं जेवतात. पण एक रीत आहे. भाऊबंदाला बोलावणं घरातल्या माणसाने दारात येऊन द्यायचं. फोनवरचं चालत नाही, आणि बोलावल्याशिवाय भाऊ भावाच्या मांडवात पाय ठेवत नाही. भरमाण्णांनी त्या आठवड्यात दार लावलं नाही. दुपारी झोपले नाहीत. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की उठून उभे राहायचे. मला लॅबमध्ये बसूनही त्याचा ताण यायचा. घरी आलो की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, आणि ते नुसती मान हलवायचे.

याच दिवसांत त्यांची पाककृती लागली. चपटे ओट्स सोडून त्यांनी तुकडा ओट्स आणले, कण्यांसारखे दाणेदार. ते कोरडे खमंग भाजून बेताने शिजवले, गार केले, वर ताक ओतलं आणि लसूण-जिरं कच्चंच कुटून घातलं. माझ्या आईने वाटीभर खाल्लं आणि म्हणाली, "जोंधळ्याच्या कण्या बऱ्या झाल्यात." भरमाण्णांनी तिच्या पायाला हात लावला. ती दचकून मागे सरली.

जत्रेच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत बोलावणं आलं नाही. भरमाण्णा डबा घेऊन माझ्याकडे आले.

"तुमास्नी बोलीवलंय. तुमी जावा. वैनीच्या हातात द्या, तिला म्हाईत हाय. कुणी केलंय ते मातूर बोलू नका."

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"तर डबा रस्त्यावर टाकंल. तुमास्नी काय बोलणार न्हाय. पावण्याला बोलायची चाल न्हाय आमच्यात."

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. कंग्राळी येईपर्यंत झाकणावरचा हात काढला नाही. वहिनींनी डबा पदराखालीच आत नेला. मला थोरल्यांच्या शेजारी पान मांडलं. मटण आलं, भात आला. थोरल्यांच्या ताटात भाताच्या जागी कण्या आल्या.

त्यांनी एक घास घेतला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो, लाज सोडून. घास गेला. दुसरा घेतला, आणि हात थांबला.

"कुणी केल्यात ह्या?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"तू फोडणी देतीस."

वाढपी पळी धरून उभा राहिला.

"कच्चा लसूण-जिरं आमची आई घालायची," थोरले म्हणाले. "आन् तिच्यापाशी चुलीम्होरं एकच पोरगं बसायचं." मग माझ्याकडे वळले. "सायेब, तुमी बेळगावात ऱ्हायाला कुठं?"

मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. खोटं सुचलंच नाही. मांडवातली माणसं जेवायची थांबली आहेत असं मला वाटलं, पण मान वर करून बघायचा धीर झाला नाही. थोरले ताटाकडे बघत बसले. मग त्यांनी मटणाची वाटी बाजूला सारली, आणि कण्या संपवल्या. बोटाने ताट निपटलं.

निघताना धुतलेला डबा त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. "उद्या जरा बघून घालाय सांगा."

मी परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भरमाण्णा फाटकाशी उभे होते. त्यांनी आधी डबा घेतला, झाकण काढून आत बघितलं.

"टाकलं न्हवं?"

"सगळं खाल्लं. आणि तुम्ही केलंय ते ओळखलं."

"आन्?"

"मीठ कमी आहे म्हणाले. उद्या बघून घालायला सांगा म्हणाले."

भरमाण्णा फाटकाला धरून उभे राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलं नाही.

"बायको गेल्यापासनं माझी चूक काढणारं घरात कोण न्हाय बघा," ते म्हणाले. "सगळी आपली बरं झालंय म्हणत्यात." मग माझं मनगट धरलं. "नीट आठवून सांगा सुनीलराव. उद्या म्हणाला? सवताच्या तोंडानं?"

"उद्या म्हणाले."

"सवताच्या तोंडानं?"

"हो अण्णा."

"मीठ न्हाय वाढवायचं. डॉक्टरनं बंदी घाटलीया त्याला," ते म्हणाले. "लिंबू पिळतो. आन् मीठ का न्हाय म्हणून इचारलं, तर मीच जाऊन सांगतो."