संचिता, वय वर्षं बारा

देवेशच्या वाढदिवसाला येणारा पाचवा मुलगा तापाने झोपला आणि ठाण्यातल्या मॉलमध्ये लेझर टॅग या प्रकाशाच्या बंदुकांच्या खेळाच्या काउंटरवर सगळं अडलं.

"पाच जणांशिवाय बॅच सुरू होत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आणि ही बॅच फक्त आठ ते बारा वर्षांची आहे."

चार पोरं जॅकेटं घालून तयार होती. देवेशचे ओठ थरथरायला लागले. त्याची आई रुपाली केक आणायला खाली गेलेली. सोबत होती फक्त त्याची आत्या, संचिता. वय एकतीस, उंची चार फूट सात इंच, डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक.

"ही आहे की पाचवी!" काउंटरवरच्या मुलीने तिच्याकडे पाहिलं. "बाळा, किती वर्षांची तू?"

संचिताने खरं सांगायला तोंड उघडलं. पण बंदुकांचे निळे दिवे लुकलुकत होते.

"बारा," ती म्हणाली.

कळव्याच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलांचे जन्मदाखले तपासायचं काम तिच्याकडेच होतं.

आत गेल्यावर पोरांना जिंकू द्यायचं असं तिने ठरवलेलं. मग कुणीतरी तिच्या पाठीवर नेम साधला. त्यानंतर तिने कुणालाच सोडलं नाही. ड्रममागे दबा धरून तिने ज्याचा वाढदिवस होता त्यालाच अकरा वेळा टिपलं.

बाहेर येताच काउंटरवरच्या मुलीने तिच्या गळ्यात मेडल घातलं आणि माइक हातात घेतला. "आजची विनर संचिता, वय वर्षं बारा! तिच्या मम्मी-पप्पांनी फोटोसाठी पुढे यावं!"

मुलांना न्यायला आलेले पालक टाळ्या वाजवायला लागले. केक घेऊन आलेली रुपाली जागीच थांबली.

"वहिनी," संचिता पुटपुटली, "मला इथनं घेऊन चल ना."

"मी काय तुझी मम्मी आहे?" रुपाली दबक्या आवाजात म्हणाली. "अगं, लाज कशी नाही वाटली?"

तेवढ्यात देवेशने भोकाड पसरलं. "आत्या चीटर आहे!"

 संचिताने मेडल काढलं. "सॉरी. मी एकतीसची आहे. दुसऱ्या नंबरला द्या."

दुसरा आलेला ऋतुराज बुटांकडे बघत राहिला. "मी चौदाचाय," तो फुटलेल्या आवाजात म्हणाला. "मोठ्यांच्या बॅचमध्ये मला खूप धुतात."

तिसरी होती ऐश्वर्या. तिची आई घाईने पुढे आली. "राहू दे. हिला पुढच्या महिन्यात सात पूर्ण होतील." मग ती संचिताकडे वळली. "मॅडम, एक महिना कमी पडला म्हणून तुम्ही आम्हाला शाळेतून परत पाठवलेलं ना, तेव्हापासून ही सवय लागली."

संचिताने टोपी नाकापर्यंत ओढली.

चौथा देवेश. सगळ्यांच्या नजरा रुपालीच्या हातातल्या केककडे गेल्या. वर क्रीमचा ठसठशीत सात होता. रुपालीने तो अंगठ्याने पुसायला घेतला आणि क्रीम ओढणीला लागलं.

राहिला सलिल. आठ पूर्ण, गुण शून्य. मेडल त्याच्या गळ्यात पडलं आणि सगळ्यांनी जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या.

सलिलने मेडल काढलं. "पण मी खेळलोच नाही. मला काळोखाची भीती वाटते. मी दाराजवळ बसलेलो." त्याने ते काउंटरवरच्या मुलीसमोर धरलं. "ताई, तुम्हीच घ्या."

तिने झटकन हात मागे घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"मला नको," ती हळूच म्हणाली. "इथे कामाला अठरा पूर्ण लागतात. मला अजून तीन महिने आहेत."