नववी मात्रा

गंगाधर मास्तर बोलता बोलता मध्येच गप्प झाले, की उदगीरची जुनी माणसं निमूट थांबतात आणि नवी माणसं "काय झालं हो?" विचारून बोलणी खातात. मास्तर मनातल्या मनात ठेक्याच्या मात्रा मोजत असतात. टपरीवर चहा सांगतानाही 'आल्याचा' आणि 'दोन' यांच्यामध्ये दोन मात्रांची जागा सोडतात.

लहानपणी त्यांनी मला पेटी शिकवली. चुकले तर मार नव्हता, एवढंच ऐकावं लागे, "मात्रा खाल्लीस! पुन्हा पहिल्यापासून." त्या पेटीचा वास अजून माझ्या नाकात आहे.

आता मी लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मास्तरांच्या गाण्याच्या पथकाच्या चाली कॉम्प्युटरला वाचता याव्यात, कोणती चाल कोणत्या चालीची बहीण हे त्याला शोधता यावं, म्हणून त्यांच्या वह्या टाईप करायला घेतल्या. सुराला एक अक्षर, रिकाम्या मात्रेला आडवी रेघ. दर रविवारी मी उदगीरला येते, मास्तर सांगतात, मी लिहिते. रिकामी मात्रा आली की तेही तेवढा वेळ गप्प. एकदा मी घाईनं रेघ आधीच मारली.

"शोभे, मात्रा अजून सरली न्हाई. तू कशी काय लिहायलीस?"

शेवटच्या वहीत मात्र कॉम्प्युटरनं ओळ न् ओळ लाल केली. ठेका आठ मात्रांचा आणि प्रत्येक ओळीत नऊ! मला उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांनी मास्तर चुकताना सापडले होते.

"मास्तर, मात्रा जास्त झाली! पुन्हा पहिल्यापासून!"

ते हसले नाहीत. "नऊच हायत."

"शेवटची रिकामीच आहे. काढून टाकू?"

"मंग वही दे इकडं. न्हाई द्यायची मला."

त्यांनी खरोखरच वही ओढून घेतली. मी घाबरले. वही मिटून मांडीवर ठेवत ते म्हणाले,

"बाबूला शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं."

बाबू म्हणजे त्यांचा ढोलकीवाला. जन्मभर मास्तरांच्या डाव्या हाताला बसला. त्याचे कान गेले तेव्हा सगळे म्हणाले, दुसरा बघा. मास्तरांनी दुसरा बघितला नाही. सगळ्या चाली नव्या वहीत, याच वहीत, पुन्हा लिहून काढल्या.

"वळ संपली की मी त्याच्याकडं बघून मान हलवायचो. मंग त्याची थाप पडायची. बघायला एक मात्रा लागायची त्याला. लोकायला वाटायचं, मास्तरची चालच तशी हाय."

बाबू जाऊन वर्ष झालं. मला माझ्या थट्टेची लाज वाटली. या वहीत ओळ नऊ मात्रांचीच असते, असं मी कॉम्प्युटरला बजावलं. लाल रंग गेला. मास्तरांनी वही परत उघडली.

"हं, घे लिहून."

आठ मात्रा झाल्या. मास्तर डावीकडे वळले. तिथं नुसती वह्यांची पिशवी होती. तिच्याकडे बघून त्यांनी हलकेच मान हलवली. ती मात्रा पूर्ण होईपर्यंत मी थांबले, आणि मगच रेघ मारली.